दुसऱ्याच्या ताब्यातला कागद न्यायाधिकरणासमोर कसा आणायचा: दस्तऐवज हजर करण्याच्या समन्सची सगळी प्रक्रिया

अपघातात जायबंदी झालेल्या माणसाचे केसपेपर रुग्णालयात असतात, पगारपत्रक मालकाकडे असते आणि गाडीच्या चालकाचा परवाना वैध होता की नाही याची नोंद आरटीओत असते. नुकसानभरपाईचा दावा मात्र त्याने स्वतः शाबीत करायचा असतो. पदोन्नती डावलली गेलेल्या कर्मचाऱ्याचीही हीच स्थिती. त्याच्यावर अन्याय झाला की नाही हे विभागीय पदोन्नती समितीच्या इतिवृत्तात लिहिलेले असते आणि ते इतिवृत्त ज्याच्याविरुद्ध तो भांडतो त्याच्याच कपाटात असते.

ही अडचण कायद्याने ओळखली आहे. न्यायाधिकरण कोणालाही समन्स काढून अमुक कागद आमच्यापुढे आणा असे सांगू शकते. तरीही असे अर्ज मोठ्या संख्येने फेटाळले जातात. कधी समन्स निघते पण कागद येत नाही, कधी कागद येतो पण पुराव्यात वाचला जात नाही. बहुतेक वेळा मूळ कारण अर्जातच असते: नेमका कोणता कागद हवा, तो कोणाकडे आहे आणि त्यातून वादातला कोणता मुद्दा सिद्ध होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अर्जात नसतात. पुढची सगळी चर्चा या तीन प्रश्नांभोवतीच फिरते. ती भारतातल्या न्यायाधिकरणांपुरती आहे.

अधिकाराचे कलम आधी शोधा

दिवाणी न्यायालयाला हा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३० आणि आदेश १६ मधून मिळतो (‘आदेश’ म्हणजे इथे संहितेतला एका विषयावरच्या नियमांचा गट). न्यायाधिकरणाचे तसे नाही. ते ज्या कायद्याने जन्माला आले त्या कायद्यानेच त्याला किती अधिकार दिले हे ठरते. म्हणून अर्जाच्या शीर्षकाखाली कलम लिहिताना फक्त संहितेचे कलम लिहून भागत नाही.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १६९ पाहा. चौकशी संक्षिप्त पद्धतीने करायची असली तरी साक्षीदारांना बोलावणे आणि दस्तऐवज हजर करायला लावणे याबाबत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आणि आपल्याकडचे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, यांना हा अधिकार प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, १९८५ च्या कलम २२(३) ने दिला आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासाठी कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४२४(२), राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासाठी २०१० च्या कायद्याचे कलम १९(४), कर्जवसुली न्यायाधिकरणासाठी १९९३ च्या कायद्याचे कलम २२(२). ग्राहक आयोग नावाने न्यायाधिकरण नसला तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(९) मध्ये त्यालाही हेच अधिकार आहेत.

या कलमांची भाषा जवळपास सारखी आहे. पुष्कळ ठिकाणी आधी म्हटलेले असते की न्यायाधिकरण संहितेने बांधलेले नाही, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालेल. आणि लगेच पुढे येते की पुढील बाबतीत त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतील. ‘संहिता इथे लागू नाही, त्यामुळे समन्स काढता येणार नाही’ असा आक्षेप समोरून आला, तर हे दुसरे वाक्य वाचून दाखवा. प्रत्यक्ष कामकाजात न्यायाधिकरणे आदेश १६ ची चौकटच वापरतात, म्हणून तो आदेश एकदा शांतपणे वाचून काढणे फायद्याचे ठरते.

समन्सची खरंच गरज आहे का?

समन्स हा पहिला उपाय समजू नये. कागद सार्वजनिक दस्तऐवज असेल आणि तो पाहण्याचा तुम्हाला हक्क असेल, तर फी भरून प्रमाणित प्रत मिळते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये ही तरतूद आहे. प्रथम खबर, पंचनामा, फेरफार, नोंदणीकृत दस्त यांसाठी समन्स मागितले, तर न्यायाधिकरण विचारणारच की नक्कल का काढली नाही. सरकारी कार्यालयातल्या इतर कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. मिळालेला नकारही कामाचा असतो, कारण तो अर्जाला जोडला की ‘आम्ही प्रयत्न केला, आता न्यायाधिकरणानेच लक्ष घालावे’ हे आपोआप दिसते.

रुग्णाने स्वतःचे केसपेपर मागितले तर डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचार विनियमांनुसार ते ७२ तासांत द्यायचे असतात. याच विनियमांत आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असेही म्हटले आहे. या तीन वर्षांकडे नीट लक्ष द्या. अपघाताचे दावे वर्षानुवर्षे चालतात. पुराव्याच्या टप्प्यावर समन्स काढू म्हणून थांबले, तर तोवर केसपेपर रद्दीत गेलेले असू शकतात. त्यामुळे दावा दाखल करण्याआधीच रुग्णालयाला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि प्रकरण प्रलंबित असेपर्यंत मूळ कागद नष्ट करू नयेत असे त्यात स्पष्ट लिहा. सीसीटीव्ही चित्रीकरणाला तर याहूनही जास्त घाई करावी लागते. नवे चित्रीकरण जुन्यावर चढत जाते आणि काही आठवड्यांत जुने उरत नाही.

कागद पक्षकाराकडे आहे की त्रयस्थाकडे?

हा फरक न करता अर्ज केला तर तो सहसा अडखळतो. कागद सामनेवाल्याकडे असेल तर त्याला साक्षीदाराचे समन्स काढायची गरज नसते. त्यासाठी संहितेचा आदेश ११ आहे: नियम १२ खाली त्याच्याकडे कोणकोणते कागद आहेत ते शपथेवर उघड करायला लावता येते, आणि नियम १४ खाली तो विशिष्ट कागद हजर करायला सांगता येतो. त्याआधी आदेश १२ नियम ८ ची कागद हजर करण्याची साधी नोटीस द्यावी. नोटीस देऊनही मूळ कागद आला नाही, तर तुमच्याकडची झेरॉक्स दुय्यम पुरावा, म्हणजे मुळाच्या जागी चालणारा पुरावा, म्हणून पुढे करण्याची वाट मोकळी होते. शिवाय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६७ प्रमाणे, नोटीस मिळूनही ज्याने कागद दिला नाही, त्याला पुढे तोच कागद समोरच्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही.

पक्षकाराने कागद दडवला तर प्रतिकूल अनुमान काढता येते. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाबितीची जबाबदारी पक्षकारावर नसली तरी, त्याच्या हातातला महत्त्वाचा पुरावा त्याने रोखून धरला, तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असे अनुमान काढता येते. युक्तिवादात हे वाक्य वजनदार ठरते. पण त्यासाठी कागद मागितल्याची आणि तो न दिल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीत, हवी. तोंडी मागितलेल्या कागदाचा रोजनाम्यात मागमूस राहत नाही.

मॅट किंवा केंद्रीय न्यायाधिकरणात शासन हाच पक्षकार असतो. तिथे मूळ नस्ती (कार्यालयीन फाइल), निवड समितीचे इतिवृत्त, सेवाज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल हे सगळे बहुधा शासनाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्याला दिलेल्या आदेशानेच मागवले जाते. त्रयस्थासाठी, म्हणजे रुग्णालय, मालक, बँक, आरटीओ, मोबाइल कंपनी किंवा दुसऱ्या खात्याचे कार्यालय यांच्यासाठी, समन्स हाच मार्ग. आणि कागद दुसऱ्या न्यायालयाच्या दप्तरात असेल तर आदेश १३ नियम १० खाली ते दप्तरच मागवता येते. मात्र त्याची प्रमाणित नक्कल वाजवी वेळात व खर्चात का मिळत नाही, किंवा मूळच का हवे, हे प्रतिज्ञापत्रात सांगावे लागते.

वर्णन: इथेच अर्ज टिकतो किंवा पडतो

आदेश १६ नियम ५ सांगतो की समन्समध्ये वेळ, ठिकाण आणि हेतू लिहिलेला असावा. साक्ष द्यायला बोलावले आहे, कागद आणायला की दोन्हीसाठी, हे स्पष्ट असावे. आणि कागदाचे वर्णन पुरेशा अचूकतेने केलेले असावे. या पुरेशा अचूकतेची कसोटी मी अशी लावतो: समन्स ज्याच्या टेबलावर पडणार त्या रेकॉर्डच्या कारकुनाला, प्रकरणाची काहीही माहिती नसताना, नुसते वर्णन वाचून नेमकी फाइल काढता आली पाहिजे.

‘अर्जदाराच्या नोकरीसंबंधीची सर्व कागदपत्रे’ हे वर्णन या कसोटीला उतरत नाही. कारकून काय आणील? नियुक्तीपत्र, रजेचे अर्ज, कँटीनचे हिशेब? समोरचा वकील उठून म्हणेल की ही फिशिंग इन्क्वायरी आहे, म्हणजे काही सापडते का ते पाहण्यासाठी टाकलेला गळ. त्याचे म्हणणे बरोबर असेल.

तेच असे लिहा: ‘अर्जदार, कर्मचारी क्रमांक अमुक, यांचे अपघातापूर्वीच्या बारा महिन्यांचे वेतनपत्रक व हजेरीपत्रक, आणि अपघातानंतर नोकरी सोडेपर्यंतच्या बिनपगारी रजेची नोंद.’ कागदाचा प्रकार, व्यक्ती, कालावधी सगळे आले. रुग्णालयासाठी आंतररुग्ण नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची व सोडल्याची तारीख द्या, आणि नक्की काय हवे ते मोजून सांगा: केसपेपर, शस्त्रक्रियेच्या नोंदी, एक्स-रे व अहवाल, डिस्चार्ज कार्ड, बिले. आरटीओसाठी चालकाच्या परवान्याचा क्रमांक आणि अमुक दिवशी तो कोणत्या प्रकारच्या वाहनासाठी वैध होता त्याचा उतारा. विमा कंपनीचा बचाव बहुतेक वेळा याच उताऱ्यावर उभा असतो किंवा कोसळतो.

क्रमांक ठाऊक नसेल तर? तर तो कुठल्या नोंदीतून मिळतो ते शोधा. डिस्चार्ज कार्डावर नोंदणी क्रमांक असतो. कार्यालयीन पत्राच्या माथ्यावर जावक क्रमांक असतो. माहिती अधिकारात ‘अमुक विषयाच्या नस्तीचा क्रमांक व ती ज्या कक्षात आहे त्याचे नाव द्या’ एवढेच मागितले तरी ते पुष्कळदा मिळते, कारण त्यात आतला मजकूर मागितलेला नसतो. नस्तीचा क्रमांक घेऊन समन्स मागणारा अर्जदार पीठासीन अधिकाऱ्यालाही वेगळाच दिसतो.

कालावधी आवश्यक तेवढाच ठेवा. उत्पन्न सिद्ध करायला सहसा एक-दोन वर्षे पुरतात. दहा वर्षांचे मागितले की शंका येते आणि खर्चही वाढतो. मात्र शासकीय नस्तीच्या बाबतीत उलटी चूक होते. लोक फक्त अंतिम आदेश मागतात. खरा मजकूर टिपणी बाजूला असतो: कोणी काय सुचवले, कोणत्या टप्प्यावर मत फिरले. तिथे ‘टिपणी व पत्रव्यवहार, दोन्ही भाग’ असे आवर्जून लिहा.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. आदेश १६ प्रमाणे साक्षीदारांची यादी वादाचे मुद्दे निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत द्यायची असते. न्यायाधिकरणे मुदतीत थोडी सैल असतात, पण उलटतपास संपल्यावर केलेल्या अर्जाला उशिराचे कारण द्यावेच लागते. मुख्य मजकूर साधारण असा:

‘अर्जदाराचे अपघातावेळचे मासिक उत्पन्न हा या दाव्यात वादाचा मुद्दा आहे. सामनेवाला क्रमांक २ यांनी कैफियतीत ते नाकारले आहे. सदर उत्पन्नाची नोंद अर्जदाराचे तत्कालीन मालक (नाव व पत्ता) यांच्या ताब्यातील वेतनपत्रकात आहे. अर्जदाराने त्यांना दिनांक अमुक रोजी लेखी विनंती केली. पोच सोबत जोडली आहे. त्यांनी कागद दिलेले नाहीत. सबब, खालील परिशिष्टात वर्णन केलेले दस्तऐवज हजर करण्यासाठी त्यांना समन्स काढण्यात यावे. दस्तऐवज हजर करणाऱ्याची साक्षीसाठी आवश्यकता नाही. भत्ता व प्रोसेस फी भरण्यास अर्जदार तयार आहे.’

शेवटून दुसरे वाक्य विसरू नका. आदेश १६ नियम ६ नुसार नुसता कागद आणायला सांगितलेल्या व्यक्तीने तो दुसऱ्याच्या हाती पाठवला तरी समन्सचे पालन झाले असे धरले जाते. रुग्णालयाच्या संचालकाला स्वतः यायला लावण्यापेक्षा रेकॉर्ड कीपरच्या हाती फाइल येणे सगळ्यांच्या सोयीचे असते, आणि कागद लवकर येतो. साक्षही हवी असेल तर ‘दोन्हीसाठी’ असे लिहा, आणि साक्ष कोणाची हवी ते हुद्द्यासह सांगा. समन्स संस्थेच्या नावाने मोघम काढण्यापेक्षा ‘वैद्यकीय अभिलेख अधिकारी’ किंवा ‘आस्थापना शाखेचे अधीक्षक’ असा ताबेदार हुद्दा दिला तर टोलवाटोलवी कमी होते.

अर्जाची प्रत समोरच्या बाजूला द्या. त्यांचे म्हणणे येईल, मग आदेश होईल. न्यायाधिकरणाने तोंडी ‘मंजूर’ म्हटले तरी रोजनाम्यात किंवा अर्जावर आदेश उमटल्याची खात्री करा आणि त्यात कागदाचे वर्णन पूर्ण आले आहे ना ते पाहा.

भत्ता आणि बजावणी

मंजुरीनंतर पुष्कळ प्रकरणे इथे रेंगाळतात. समन्स मागणाऱ्याने साक्षीदाराचा प्रवास व इतर भत्ता आधी न्यायाधिकरणात जमा करायचा असतो; तो जमा झाल्याशिवाय समन्स बाहेर पडत नाही. आदेशाच्या दिवशीच नाझरकडे (पैसे व बजावणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) चौकशी करून रक्कम भरा आणि पावती फाइलला लावा.

बजावणी बेलिफ, नोंदणीकृत टपाल किंवा परवानगी असेल त्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने होते. वेळ कमी असेल तर हमदस्त समन्स मागा. आदेश १६ नियम ७अ प्रमाणे पक्षकाराला स्वतः समन्स बजावण्याची परवानगी मिळू शकते. हाती दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख आणि कार्यालयाचा आवक शिक्का घ्या, मग त्याचे प्रतिज्ञापत्र दाखल करा. सही द्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. तसे प्रतिज्ञापत्रात लिहून न्यायाधिकरणाकडूनच पुन्हा बजावणी मागा.

नियम ९ सांगतो की तयारीला आणि प्रवासाला पुरेसा वेळ मिळेल इतके आधी समन्स बजावले पाहिजे. परवाच्या तारखेसाठी आज बजावलेल्या समन्सचे पालन झाले नाही म्हणून वॉरंट मागणे न्यायाला धरून नाही, आणि ते मिळतही नाही. साक्षीदार लांब राहत असेल तर नियम १९ मधल्या अंतराच्या मर्यादाही पाहाव्या लागतात. पण कागद पाठवून दिला तर हा प्रश्नच उरत नाही.

समन्स तुम्हाला आले असेल तर

रुग्णालयातला लिपिक, शाळेतला मुख्याध्यापक, छोट्या कारखान्याचा मालक, अशा सगळ्यांना हे पाकीट आले की धसका बसतो. आपल्याविरुद्धच काहीतरी झाले असे वाटते. तसे नसते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, कागद हजर करायला बोलावलेला माणूस केवळ त्याने कागद हजर केला म्हणून साक्षीदार होत नाही. त्याला वेगळे साक्षीला बोलावेपर्यंत त्याचा उलटतपास घेता येत नाही.

पाकीट उघडल्यावर प्रकरण क्रमांक, तारीख, सही-शिक्का आणि कागदाचे वर्णन तपासा. मग त्या कागदाला हात लागू नये याची व्यवस्था करा. नेहमीच्या नियमाने तो पुढच्या महिन्यात नष्ट होणार असेल तर ते लगेच थांबवा. न्यायालयासमोर कायद्याने हजर करावा लागेल असा कागद पुरावा म्हणून वापरला जाऊ नये या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

फाइल सापडली की पानांना क्रमांक घाला, सूची करा, पूर्ण संचाची छायाप्रत स्वतःकडे ठेवा. मूळ फाइल रोजच्या वापरात असेल, उदाहरणार्थ चालू वर्षाचे हजेरीपत्रक, तर मूळ दाखवून प्रमाणित उतारा ठेवून घ्यावा व मूळ परत द्यावे अशी विनंती अर्जात करा. आदेश १३ मध्ये हिशेबाच्या वह्या व सरकारी नोंदवह्यांसाठी अशी सोय आहे.

कागद न्यायाधिकरणाच्या कर्मचाऱ्याकडे यादीसह द्या आणि पोच घ्या. समन्स मागणाऱ्या पक्षकाराचा वकील दारात भेटून ‘माझ्याकडेच द्या, मी लावतो’ म्हणाला तरी द्यायचे नाही. समन्स न्यायाधिकरणाचे आहे, कागदही त्याच्याकडेच जातो. एक पान जरी पुढे गहाळ झाले तर उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

कागद तुमच्याकडे नसेल तर गप्प बसू नका. नसल्याचे कारण लेखी, शक्यतो प्रतिज्ञापत्रावर कळवा: शोध कुठे घेतला, कागद कोणाकडे वर्ग झाला, नष्ट झाला असेल तर कोणत्या नोंदीने. ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांच्या पत्राने न्यायाधिकरणाचे समाधान होत नाही आणि पुढचे समन्स तुम्हाला साक्षीसाठी येते.

आक्षेप असेल तरी कागद घेऊनच जा

याबाबत फार गैरसमज आहे. कागद गोपनीय आहे म्हणून समन्सकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार कोणालाही नाही. साक्ष्य अधिनियमाचे कलम १६५ म्हणते की कागद ताब्यात किंवा अखत्यारीत असेल तर आक्षेप काहीही असला तरी तो न्यायालयात आणलाच पाहिजे. आक्षेप योग्य की अयोग्य हे न्यायालय ठरवील. म्हणून सीलबंद पाकिटात कागद न्या, सोबत आक्षेपाचा अर्ज द्या, आणि निर्णय होईपर्यंत पाकीट कोणाला दाखवू नये अशी विनंती करा.

वकील आणि अशील यांच्यातल्या व्यावसायिक संवादाला याच अधिनियमाच्या कलम १३२ आणि १३४ चे संरक्षण आहे. राज्यकारभारासंबंधीच्या अप्रकाशित शासकीय अभिलेखांना कलम १२९ चे आणि अधिकाऱ्याला विश्वासाने कळवलेल्या गोष्टींना कलम १३० चे. शासनाने विशेषाधिकार सांगितला की सगळे संपले असे मात्र नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण (१९७५) आणि एस. पी. गुप्ता (१९८१) या निकालांपासून हे पक्के झाले आहे की, सार्वजनिक हिताला खरोखर बाध येतो का हे तपासण्याचा अंतिम अधिकार न्यायालयाचा आहे. ‘नस्ती गोपनीय आहे’ असे कनिष्ठ अधिकाऱ्याचे चार ओळींचे पत्र म्हणजे विशेषाधिकाराचा दावा नव्हे. त्या नस्तीवर विचार करून खात्याच्या प्रमुखाने केलेले, कारणे देणारे प्रतिज्ञापत्र कुठे आहे, असे अर्जदाराने विचारलेच पाहिजे.

बँकांचा नियम वेगळा आहे. बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ च्या कलम ५ प्रमाणे बँक पक्षकार नसेल तर विशेष कारणासाठी आदेश झाल्याशिवाय अधिकाऱ्याला मूळ वह्या आणायला किंवा त्या शाबीत करायला साक्षीला यायला भाग पाडता येत नाही; प्रमाणित उतारा पुरतो. म्हणून बँकेकडून खातेउतारा हवा असेल तर मूळ लेजर मागू नका, या कायद्याप्रमाणे प्रमाणित केलेला उतारा मागा. वेळ आणि भांडण दोन्ही वाचते.

तिसऱ्या माणसाची खाजगी माहिती फाइलमध्ये असेल, जसे दुसऱ्या कर्मचाऱ्याचे वैद्यकीय अहवाल किंवा बँक तपशील, तर तेवढा भाग झाकून प्रत द्यावी आणि मूळ फक्त पीठासीन अधिकाऱ्याने पाहावे, अशी मागणी करता येते. ती सहसा मान्य होते.

कागद आला, पुढे काय

कागद रेकॉर्डवर येणे आणि तो शाबीत होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हे न समजल्यामुळे चांगली प्रकरणे निकालात मार खातात. समन्समुळे कागद फक्त न्यायाधिकरणाच्या टेबलावर पोहोचला. आता तपासणीचा अर्ज करा, नकला घ्या, प्रत्येक पान वाचा. समोरच्या बाजूलाही हाच हक्क आहे, त्यामुळे तुमच्या विरोधातले पान त्यांच्याही नजरेला पडणार हे धरून चला.

मग ठरवा: समोरची बाजू कागद मान्य करते का? करत असेल तर तसा शेरा किंवा पुरसिस (लेखी निवेदन) घ्या, कागदावर पुराव्याचा निशाणी क्रमांक पडू द्या. मान्य नसेल तर लिहिणाऱ्याला, किंवा त्याची सही-अक्षर ओळखणाऱ्याला साक्षीला बोलवा. अपंगत्वाचा दाखला असेल तर तो देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेतलेली बरी. टक्केवारीवर भरपाईचा आकडा ठरतो आणि विमा कंपनी त्याच एका कागदावर सगळा जोर लावते. अपघात न्यायाधिकरणात पुराव्याचे नियम काटेकोर लावले जात नाहीत हे खरे, पण त्या सैलपणावर सगळी भिस्त ठेवू नका.

इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी अजून एक पायरी आहे. कॉल तपशील, सीसीटीव्ही, संगणकीय हजेरी यांच्या प्रतीबरोबर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग उपकरणाचा ताबा असणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, लिहायचे असते. म्हणून समन्स मागतानाच ‘कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रासह’ असे लिहा. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष्य कायद्याखालचे असे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मागूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही त्याच निकालात सांगितले.

समन्स पाळले नाही तर

पहिल्या गैरहजेरीला वॉरंट मागू नका. आधी बजावणी रीतसर झाली आहे याचा पुरावा पुढे ठेवा आणि स्मरणपत्रवजा दुसरे समन्स घ्या. तरीही हालचाल नसेल तर आदेश १६ नियम १० खाली उद्घोषणा, वॉरंट आणि मालमत्ता जप्तीपर्यंत जाता येते. संहितेच्या कलम ३२ मध्ये पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: कागद महत्त्वाचा आहे, आणि कायदेशीर कारण नसताना तो रोखला आहे. पक्षकारानेच आदेश ११ खालचा आदेश मोडला तर नियम २१ प्रमाणे दावा फेटाळला जाणे किंवा बचाव काढून टाकला जाणे इथपर्यंत परिणाम होऊ शकतो.

खाजगी लवादाची गोष्ट निराळी

करारातल्या कलमाने नेमलेला लवाद त्रयस्थावर स्वतः सक्तीचे समन्स काढू शकत नाही. लवाद आणि सलोखा कायदा, १९९६ च्या कलम २७ प्रमाणे लवादाने, किंवा लवादाच्या मान्यतेने पक्षकाराने, न्यायालयाकडे साहाय्यासाठी अर्ज करायचा. न्यायालय समन्स काढते आणि पुरावा थेट लवादापुढे द्यायला सांगू शकते. डेल्टा डिस्टिलरीज विरुद्ध युनायटेड स्पिरिट्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे कलम साक्षीदारांपुरते नाही, पक्षकारांनाही लागू होते. लवादाची मान्यता लेखी घ्या. तिच्याशिवाय न्यायालयात गेल्यास अर्ज तिथेच अडतो.

अर्ज फेटाळला तर

समन्स नाकारण्याचा आदेश अंतरिम असतो आणि त्यावर स्वतंत्र अपील सहसा नसते. संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येते; प्रशासकीय न्यायाधिकरणांच्या आदेशांसाठी, एल. चंद्रकुमार (१९९७) निकालानंतर, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे. तिथे धावण्याआधी नकाराचे कारण वाचा. वर्णन मोघम होते म्हणून अर्ज गेला असेल तर नेमके वर्णन देऊन नवा, आखूड अर्ज त्याच न्यायाधिकरणात करणे जास्त स्वस्त आणि जलद पडते. कागद अप्रस्तुत आहे असे कारण असेल, तर तो कोणत्या मुद्द्याला भिडतो हे कैफियतीतल्या नकाराच्या परिच्छेदासह दाखवा. आणि कोणतेही कारण न देता अर्ज फेटाळला असेल, तर रोजनाम्याची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा, कारण उच्च न्यायालयात पहिला प्रश्न तोच आदेश कुठे आहे हा असतो.